क्यूच्या आत दुसरं लाकूड: पूल क्यूसाठी कोरिंग कसं करावं

शिसव, टेंभुर्णीचा काळा भाग, बुरशीने रेघा उमटलेली चिंच. असा एखादा तुकडा लेथवर गोल होऊ लागला की त्याचा क्यू, म्हणजे पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाची काठी, करावा असं वाटतंच. पण जे लाकूड दिसायला देखणं, तेच बहुधा वाकायला आधी तयार असतं. त्याच्या रेषा सरळ नसतात, घट्टपणा जागोजागी वेगळा असतो, आणि पाणी शोषताना-सोडताना एक बाजू दुसरीपेक्षा जास्त हलते. बडोद्यात तर हवा दोन्ही टोकं दाखवते. मेच्या दुपारी कोरडीठाक, ऑगस्टमध्ये कपाटातल्या कपड्यांना वास येईल इतकी ओली. दिवाळीत सरळ असलेला बट, म्हणजे क्यूचा मागचा जाड भाग, पुढच्या पावसाळ्यानंतर टेबलावर फिरवून पाहिला की डुलताना दिसतो.

यावरचा उपाय म्हणजे कोरिंग. देखण्या लाकडाच्या ठोकळ्यात लांबीभर आरपार भोक पाडायचं, आणि त्यात सरळ रेषांच्या, नीट मुरलेल्या लाकडाचा गोल दांडा चिकटवायचा. हा दांडा बहुतेक वेळा हार्ड मेपल या उत्तर अमेरिकेतल्या घट्ट लाकडाचा असतो. बाहेरून शिसव दिसतो, पण क्यूचा ताठपणा, वजन आणि चेंडू लागल्याची हाताला होणारी जाणीव यात मेपलचा मोठा वाटा येतो. स्नूकर १८७५ साली आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या जबलपूरला जन्मलं, पण पूल क्यू बांधण्याची ही रीत मुख्यतः अमेरिकेतल्या कारागिरांनी वाढवली. म्हणून यातली मापं अजून इंचांत बोलली जातात. आपल्याकडचे सुतारही इंच आणि सुतातच बोलतात, त्यामुळे अडचण येत नाही: कोरचं नेहमीचं माप पाच सूत किंवा सहा सूत. मेट्रिक ड्रिल सहज मिळतात म्हणून मी खाली १६ आणि १९ मिमी धरले आहेत.

नवीन माणूस सगळी काळजी एकाच गोष्टीची करतो, भोक सरळ पडेल ना. माझं म्हणणं वेगळं आहे. लांब भोक थोडंफार सरकणारच. ते सरकलं तरी चालेल अशी तयारी आधी ठेवायची, आणि भोक पडल्यावर त्यालाच केंद्र मानून बाहेरचं लाकूड पुन्हा गोल करायचं. हे एक, आणि दोन्ही लाकडं सारखी सुकलेली असणं हे दुसरं. या दोन गोष्टी पाळल्या तर साध्या लेथवरही चांगला कोर बसतो.

कोर कुठे हवा

पूल क्यू साधारण ५८ इंच लांब असतो आणि मधोमध दोन तुकड्यांत उघडतो. मागचा २९ इंचांचा तुकडा म्हणजे बट. बटाचे पुन्हा तीन भाग: पुढचा फोरआर्म सुमारे साडेबारा इंच, मधलं हँडल, आणि शेवटचा स्लीव्ह. जॉइंटपाशी, म्हणजे दोन तुकडे जुळतात तिथे, बटाची जाडी साधारण २१.५ मिमी असते, फोरआर्म संपतो तिथे २७ मिमीच्या आसपास, आणि अगदी शेवटी ३२ मिमीच्या जवळ.

फोरआर्मला १६ मिमीचा कोर ठीक बसतो. जॉइंटपाशी चारी बाजूंनी पावणेतीन मिमी बाहेरचं लाकूड उरतं. तिथे १९ मिमीचा कोर घातला तर जेमतेम सव्वा मिमीचं कवच राहतं, आणि फिनिशिंगच्या वेळी एखाद्या बाजूला आतला मेपल डोकावण्याचा धोका असतो. हँडल आणि स्लीव्हला मात्र १९ मिमी उत्तम. काही कारागीर सलग २९ इंचांचा एकच कोर करतात, पुढे १६ आणि मागे १९ असा टप्पा ठेवून, आणि त्यावर तिन्ही भाग माळेतल्या मण्यांसारखे ओवतात. ते काम सुंदर होतं, पण सुरुवातीला एकट्या फोरआर्मवर हात बसवा.

सरळ रेषांचं साधं मेपल किंवा ॲश असेल तर कोरची गरज नाही. अमेरिकेतले क्यू-कारागीर जॉर्ज बालाबुश्का (१९१२–१९७५) यांच्या ज्या क्यूंना आजही संग्राहक जपतात, त्यांतले सुरुवातीचे बरेच ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट क्यूंच्या जुळवलेल्या लाकडावर बांधलेले होते. लाकूड चांगलं आणि मुरलेलं असेल तर कोरशिवायही काम होतं. कोर लागतो तो रेषा वाकड्या असलेल्या, गाठीच्या, बुरशीने मऊ झालेल्या, फार जड किंवा फार हलक्या लाकडाला.

वजनाचा हिशोब एकदा करून ठेवावा. हार्ड मेपल घनमीटरला सुमारे ७०० किलो भरतं, साग ६५०, शिसव ८३०, आबनूस ९५०च्या आसपास. साडेबारा इंचांच्या फोरआर्मची सरासरी जाडी २४ मिमी धरली तर घनफळ येतं जवळपास १४४ घनसेंमी. आबनुसाचा भरीव फोरआर्म सुमारे १३७ ग्रॅम होतो. त्यात १६ मिमीचा मेपल कोर घातला की १२१. हे १६ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या औंसाहून थोडं जास्त, नेमके क्यूच्या मध्याकडून कमी होतात. पूल क्यूचं एकूण वजन साधारण १८ ते २१ औंस आणि तोल मागच्या टोकापासून १८–१९ इंचांवर असतो, त्यामुळे पुढे कमी केलेलं प्रत्येक ग्रॅम हाताला कळतं. आणखी एक: कोर १६ आणि सरासरी जाडी २४ असेल तर आडव्या छेदातलं ४४ टक्के लाकूड कोरचं असतं. म्हणून कोरसाठी उरलंसुरलं लाकूड वापरू नये.

लाकूड आणि ओल

वखारीतून लाकूड घेताना चारही बाजू पाहा, आणि मुख्यतः टोकं. टोकाला तारेसारखी चीर असेल तर ती किती आत गेली आहे हे लेथवरच कळतं, तेव्हा तो तुकडा सोडून द्या. शिसवासाठी पक्कं बिल मागून घ्या. शिसव आणि शिसम ज्या डालबर्जिया वंशातले आहेत तो, आधीपासून पहिल्या परिशिष्टात असलेलं ब्राझिलियन रोझवुड सोडून, सगळा २ जानेवारी २०१७ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. क्यू परदेशी पाठवायचा असेल तर त्या वेळी चालू असलेले नियम आधी पाहावे लागतात.

ओलीचं गणित असं. लाकूड हवेतल्या आर्द्रतेशी जुळवून घेतं. आपल्या तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातली ओल सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावते, ६५ टक्के असेल तर १२वर, ८० टक्के असेल तर १६च्या आसपास. म्हणजे उन्हाळा आणि पावसाळा यांत एकाच तुकड्याची ओल दुपटीहून जास्त बदलू शकते. हार्ड मेपल स्पर्शरेषेच्या दिशेने प्रत्येक एक टक्का ओलीमागे साधारण ०.३३ टक्के आकसतं. १९ मिमीच्या कोरमध्ये चार टक्क्यांचा फरक पडला की जाडी पाव मिमीने बदलते. आपण कोर आणि भोकात चिकटवणीसाठी जी फट ठेवतो ती यापेक्षा लहान असते.

यात दोन चुकीच्या जोड्या आहेत आणि त्यांतली एक जास्त वाईट आहे. बाहेरचं लाकूड ओलं आणि कोर सुका असेल, तर बाहेरचं पुढे आकसतं, आतला दांडा त्याला आकसू देत नाही, आणि कवच लांबीने फुटतं. उलट बाहेरचं सुकं आणि कोर ओला असेल तर कोर आकसून चिकटवणीपासून सुटतो आणि क्यू ठोकल्यावर भुणभुण आवाज येतो. पहिल्यात लाकूड जातं, दुसऱ्यात क्यू.

म्हणून कोरचा दांडा आणि बाहेरचा ठोकळा एकाच खोलीत, एकाच फळीवर, महिनोन्महिने राहू द्या. टोकांना मेण किंवा रंग लावून बंद करा, कारण टोकाकडून ओल फार वेगाने जाते आणि चिरा पडतात. पिनांचं मॉइश्चर मीटर असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक तुकड्यावर तारीख आणि वजन लिहा, आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. सलग काही आठवडे वजन हललं नाही की तो तुकडा त्या खोलीच्या हवेशी जुळला. चिकटवण्याचं काम मी बडोद्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावं असं सुचवतो. तेव्हा हवा दोन्ही टोकांच्या मध्ये असते आणि ओल ८ ते १० टक्क्यांवर ठेवता येते. तळघरात किंवा विश्वामित्री नदीच्या बाजूच्या सखल घरात तळमजल्यावर लाकूड ठेवू नका. माळा बरा.

ठोकळा गोल करणं

फोरआर्मसाठी ३८ मिमी चौरस, ३६० मिमी लांब तुकडा घ्या. पुऱ्या झालेल्या मापापेक्षा लांबी ३०–४० मिमी जास्त हवी, कारण दोन्ही टोकं पुढे कापून टाकायची आहेत. लेथच्या दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना रुतणाऱ्या अणकुच्यांत, धरून ३४–३५ मिमी गोल करा, दोन्ही टोकं फेस करा, म्हणजे काटकोनात सपाट कापा, आणि इथेच थांबा. शेवटी लागणार आहेत २७ आणि २१.५ मिमी. ही जी जास्तीची तीन-चार मिमी जाडी प्रत्येक बाजूला आहे, तीच भोक सरकलं तर आपल्याला वाचवते. लाकूड वाचवण्यासाठी इथे बारीक ठोकळा घेणं महागात पडतं.

हे पहिलं गोल करण्याचं काम बाहेरून करून घ्यायला हरकत नाही. बडोद्यापासून जवळच संखेडा आहे. तिथले खरादी पिढ्यानपिढ्या सागाचे पाय आणि दांडे लेथवर उतरवून त्यावर लाखेचं रंगकाम करतात, आणि त्यांच्या फर्निचरला जीआय नोंदणी आहे. लाकडाला कुठे धार धरेल आणि कुठे उचकटेल हे त्यांच्या हाताला कळतं. पण भोकाचं काम धातूच्या लेथचं आहे. तिथे शंभराव्या भागातल्या मिमीची बात असते, आणि त्यासाठी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतला एखादा टर्नर गाठावा. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं तेव्हापासून या शहरात यंत्रावर हात असलेली माणसं तयार होत आली आहेत, याचा फायदा आपल्यासारख्यांना आजही मिळतो.

भोक

सगळ्यात महत्त्वाचा नियम: लाकूड फिरलं पाहिजे, ड्रिल नाही. ड्रिल फिरत असेल तर ते एकदा बाजूला गेलं की जातच राहतं. लाकूड फिरत असताना ड्रिल स्थिर असेल तर त्याला पुन्हापुन्हा अक्षाकडे ढकललं जातं. सरकतं तरीही, पण खूप कमी.

ठोकळा तीन जॉच्या चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरा. लेथच्या स्पिंडलचा बोअर ४० मिमीच्या आसपास असेल तर ठोकळ्याचा बराच भाग स्पिंडलच्या आत जातो आणि फक्त ४०–५० मिमी बाहेर राहतो. ही सर्वांत चांगली स्थिती. फक्त आतलं टोक लोंबकळत ठेवू नका. तिथे नायलॉनचा बुश घालून ते मध्यात धरा, नाहीतर वेग वाढवताच ठोकळा आत हिंदकळतो. स्पिंडल लहान असेल तर एक टोक चकमध्ये आणि दुसरं बेअरिंगच्या चाकांच्या स्टेडीत (लांब तुकड्याला आधार देणाऱ्या चौकटीत) धरा. साध्या पितळी टोकांची स्टेडी लाकूड जाळते, म्हणून तिथे ठोकळ्यावर धातूची रिंग बसवून घ्या.

आता ड्रिलची जुळणी. ड्रिल टेलस्टॉकमध्ये (चकच्या समोरच्या सरकत्या आधारात) असो की टूलपोस्टच्या (हत्यार धरणाऱ्या भागाच्या) होल्डरमध्ये, त्याचा अक्ष स्पिंडलच्या अक्षावर आणि त्याला समांतर हवा. चकमध्ये टेस्ट बार धरून टेलस्टॉक डायलने, म्हणजे बारीक फरक सुईने दाखवणाऱ्या मापकाने, तपासा. ३०० मिमी लांबीत दोन-तीन शतांश मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी टेलस्टॉक ठीक करा. टूलपोस्टवर ड्रिल धरलं असेल तर डायल ड्रिलच्या दांड्यावर वरून आणि बाजूने, दोन्हीकडून फिरवून पाहा. फक्त बाजूने जुळवून उंची तशीच सोडली तर भोक निमुळतं होतं. या जुळणीला भोकापेक्षा जास्त वेळ लागतो आणि लागू द्यावा.

मग सुरुवातीचा खळगा. आधी सेंटर ड्रिल, मग १५ मिमीचं साधं ड्रिल ३५ मिमी खोल, आणि मग बोरिंग बारने तो खळगा ड्रिलच्या मापाला आणा. गनड्रिल (त्याबद्दल लगेच पुढे) त्यात सरकलं पाहिजे पण हलता कामा नये. फट दोन-तीन शतांशांची. हा खळगा पुढच्या साऱ्या भोकाचा वाटाड्या आहे. साध्या ड्रिलने केलेल्या खळग्यावर समाधान मानू नका, कारण ते ड्रिल आधीच बाजूला गेलेलं असू शकतं. बोरिंग बार मात्र स्पिंडलच्या अक्षावरच कापतो.

गनड्रिल म्हणजे एका धारेचं, लांबीभर इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच असलेलं ड्रिल. आतून बारीक नळी असते, तिच्यातून दाबाची हवा धारेपर्यंत जाते आणि भुसा खाचेतून बाहेर फेकते. १६ मिमीचं, कापणारी लांबी ४०० मिमी असलेलं घ्या. हवा ८० ते १०० पीएसआय. आधी ड्रिल खळग्यात सरकवा, मग हवा चालू करा, मग स्पिंडल. वेग ८०० ते १२०० आरपीएम. फीड, म्हणजे ड्रिलचं पुढे सरकणं, हाताने देण्यापेक्षा कॅरेजच्या फीडने द्या, फेऱ्याला ०.०५ ते ०.१ मिमी. १००० आरपीएमला ही गती मिनिटाला ५० ते १०० मिमी होते, म्हणजे एक फोरआर्म चार ते सात मिनिटांत आरपार.

कान आणि डोळे उघडे ठेवा. भुसा अखंड फवाऱ्यासारखा यायला हवा. तो तुटक आला किंवा थांबला तर लगेच फीड थांबवून ड्रिल मागे घ्या, खाच साफ करा, मग पुढे. धूर म्हणजे आत भुसा अडकून जळतो आहे. शिसव आणि आबनुसात तेल असतं, ते गरम झालं की चिकट होतं आणि ड्रिलला चिकटतं. अशा लाकडाला मधे दोन-तीन वेळा ड्रिल पूर्ण बाहेर काढून थंड होऊ द्या. गरम झालेल्या भोकातून आतल्या आत केसासारख्या चिरा पडतात आणि त्या महिन्याभराने बाहेर दिसतात. शेवटच्या १० मिमीत फीड निम्म्यावर आणा. दुसऱ्या तोंडाला लाकूड उचकटतंच, पण ते टोक आपण कापणारच आहोत.

डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला चांगला मास्क हे या कामात पर्याय म्हणून नाहीत. हवेने उडणारा शिसवाचा भुसा त्वचेला आणि फुप्फुसाला त्रास देतो, आणि काहींना त्याची ॲलर्जी एकदा झाली की जात नाही. गनड्रिलच्या तोंडासमोर उभं राहू नका.

गनड्रिल नसेल तर

डी-बिट करून घ्या. गनड्रिलचा पूर्वज तोच आहे. १६ मिमीची सिल्व्हर स्टीलची ४५० मिमी सळई घ्यायची. तिच्या टोकाचा १०० मिमी भाग मिलिंगवर सपाट कापून निम्म्या जाडीपेक्षा एक दशांश मिमी जास्त ठेवायचा. पुढच्या तोंडाला थोडा तिरका कोन आणि मागे मोकळीक द्यायची. मग टोक लाल तापवून विझवायचं आणि फिक्या पिवळ्या रंगापर्यंत पाणी उतरवायचं. मागची सळई पॉलिश पेपरने किंचित कमी करा, म्हणजे भोकात घासणार नाही. डी-बिट खळगा सोडून जात नाही, हा त्याचा गुण. भुशाला बाहेर यायला वाट नाही, हा दोष. म्हणून दर १० मिमीला पूर्ण बाहेर काढून झटकावं लागतं. वेळ लागतो, पण भोक गनड्रिलच्या तोडीचं पडतं.

साध्या लांब ट्विस्ट ड्रिलने दोन्हीकडून भोक पाडून मध्ये मिळवणं हा तिसरा मार्ग. मध्ये पायरी येते आणि ती लांब बोरिंग बारने काढावी लागते. आधी ६–८ मिमीचं बारीक भोक आरपार पाडून मग मोठं करण्याचा मोह टाळा. बारीक ड्रिल लाकडाच्या रेषेमागे जातं, आणि मोठं ड्रिल त्या वाकड्या भोकामागे.

भोकाला केंद्र मानणं

आता ठोकळा चकमधून काढा. ॲल्युमिनियमचे किंवा नायलॉनचे शंकूच्या आकाराचे दोन प्लग करून घ्या, ज्यांच्या मध्यात सेंटरची खूण लेथवरच पाडलेली आहे. दोन्ही तोंडांत ते बसवा आणि ठोकळा सेंटरमध्ये धरून फिरवा. बाहेरचा भाग जितका डुलेल तितकं भोक सरकलं. दूरच्या टोकाला डायलवर दीड मिमीचा एकूण फरक दिसला तर भोक पाऊण मिमी सरकलं आहे. ३४ मिमीच्या ठोकळ्यात हे काहीच नाही. बाहेरून हलके कट घेऊन तो पुन्हा गोल करा, आता भोकाच्या हिशोबाने, सुमारे ३१–३२ मिमीपर्यंत. सुरुवातीला ३० मिमीचा ठोकळा घेतला असता तर इथे खेळ संपला असता.

यानंतर ठोकळ्याला विश्रांती द्या. आत नवा पृष्ठभाग उघडला आहे, जुने ताण सुटले आहेत. दोन-तीन आठवडे आडवा ठेवा, वजन पाहा, मग प्लग लावून पुन्हा फिरवून बघा. वाकला असेल तर आत्ताच कळेल, आणि अजून जाडी शिल्लक आहे.

कोरचा दांडा

सरळ रेषांचं हार्ड मेपल. कडेने पाहताना रेष दांड्याच्या लांबीत एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडू नये. फळीतून कापण्याआधी तिचा एक बारीक तुकडा छिन्नीने फोडून पाहा. फुटीची दिशा म्हणजे लाकडाची खरी दिशा, डोळ्याला दिसणाऱ्या रंगीत रेषांपेक्षा तिच्यावर जास्त विश्वास ठेवा. दोन बोटांत हलकं धरून ठोकलं तर आवाज खणखणीत यावा.

१६ मिमीचा ३६० मिमी लांब दांडा लेथवर वाकतो आणि मध्ये जाड राहतो. फॉलो रेस्ट, म्हणजे हत्यारासोबत सरकणारा आधार, लावा, धार ताजी ठेवा, शेवटचे कट दोन दशांशाचे घ्या. शेवटचं माप भोकापेक्षा ०.१५ ते ०.२ मिमी कमी. भोक तीन ठिकाणी मोजून मगच हे ठरवा. कोरडा दांडा उभ्या ठोकळ्यात सोडला की स्वतःच्या वजनाने हळू खाली उतरला पाहिजे. घट्ट असेल तर चिकटवण लावल्यावर आतली हवा आणि चिकटवण बाहेर पडणार नाही, दांडा पिस्टनसारखा अर्ध्यात अडेल. सैल असेल तर एका बाजूला टेकून चिकटेल आणि दुसऱ्या बाजूला चिकटवणीचा जाड थर राहील.

दांड्यावर अर्धा मिमी खोल, ७–८ मिमी पिचचा गोल आटा कापा. लेथच्या थ्रेडिंग गिअरने हे सहज होतं. चिकटवण त्यातून सगळीकडे फिरते आणि जास्तीची बाहेर येते.

चिकटवणं

पाण्याचा फेव्हिकॉल इथे चालत नाही. त्यातल्या पाण्याने मेपल काही क्षणांत फुगतं आणि दांडा मध्येच घट्ट बसतो. शिवाय महिनोन्महिने सांभाळलेली ओल एका फटक्यात बदलते. पॉलियुरेथेन चिकटवण बरेच परदेशी कारागीर वापरतात. ती फेसाळून फटी भरते, पण त्याच जोराने दांडा बाहेरही ढकलते, म्हणून दोन्ही टोकं क्लॅम्प करावी लागतात. माझी पसंती हळू सुकणाऱ्या इपॉक्सीला. आपल्याकडे दुकानात मिळणारं अरल्डाइट स्टँडर्ड चालतं. दोन्ही ट्यूबमधून सारख्या मापाने घ्या, वजनाने केलं तर रेझिन १०ला हार्डनर ८. पाच मिनिटांत जमणारं घेऊ नका.

तेलकट लाकूड असेल तर त्याच दिवशी भोक ॲसिटोनच्या बोळ्याने पुसा आणि वाळू द्या. मिश्रण पसरट ताटलीत करा, कारण उभ्या कपात इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतं. सळईला ब्रश बांधून भोकाच्या आतून थर द्या, मग दांड्याला, आटे भरून. ठोकळा उभा धरा, दांडा हळू हळू फिरवत खाली उतरवा, अर्ध्यात थांबू नका. खालून चिकटवण बाहेर आली की दांडा वर-खाली एकदा सरकवा आणि पूर्ण बसवा. दोन्ही तोंडांना सलग कडी दिसली पाहिजे. एखाद्या बाजूला नसेल तर तिथे अजून थोडी भरा. मग ठोकळा आडवा ठेवून पहिला तासभर मधूनमधून फिरवत राहा, नाहीतर चिकटवण खालच्या बाजूला साचते.

इपॉक्सी दिवसभरात कडक होते, पण लेथवर निदान आठवडाभर चढवू नका. मग ठोकळा दोन बोटांत लटकवून लाकडी मुठीने लांबीभर ठोका. एकसारखा, बंद आवाज हवा. कुठे पोकळ किंवा भुणभुणता वाटला तर तो तुकडा लहान स्लीव्हसाठी ठेवा, फोरआर्मला वापरू नका.

पुढचं काम

बाहेरचा पृष्ठभाग भोकाशी जुळलेला आहे, म्हणून आता तोच चकमध्ये धरून दोन्ही टोकांना नवीन सेंटर पाडा. कोरच्या मध्यावर नजरेने खूण करून पाडू नका. त्यानंतर जाडी एकदम उतरवू नका. प्रत्येक वेळी एक ते दीड मिमी, मग काही आठवडे विश्रांती. व्हीच्या खाचा कापून टोकदार जोड घालायचे असतील तर ते कोर बसल्यानंतरच. खाचेचा तळ मेपलपर्यंत पोहोचतो आणि तो जोड उलट मजबूत होतो.

हँडलशी जोडताना फोरआर्मचा कोर मागच्या बाजूला ३० मिमी लांब राखून त्याचाच टेनन, म्हणजे हँडलमध्ये शिरणारी खुंटी, करता येतो. त्यासाठी बाहेरचं लाकूड तेवढं कापून काढायचं. जॉइंटच्या बाजूला स्क्रू ३/८–१० असेल तर त्याची जाडी साडेनऊ मिमी, आणि १६च्या कोरमध्ये त्याभोवती सव्वातीन मिमी मेपल उरतं. स्क्रूचं भोक पाडतानाही तोच नियम: आधी ड्रिल, मग बोरिंग बारने मापाला आणणं, मग आटे. आटे कापण्याआधी भोकात पातळ सुपरग्लू मुरवून वाळवला तर मेपलचे आटे चुरगळत नाहीत.

आणि शेवटचा अर्धा मिमी राखून फोरआर्म एका पावसाळ्यातून जाऊ द्या. उभा टांगून, टोकं बंद करून, त्याच खोलीत. ऑक्टोबरमध्ये सेंटरवर चढवून मध्यावर डायल लावा. सुई दहा शतांशांच्या आत फिरली तर शेवटचा टेपर, म्हणजे उतरती जाडी, कापा. त्याहून जास्त फिरली तर अर्ध्या मिमीत सरळ करून आणखी काही महिने टांगा, आणि पुन्हा फिरली तर त्यातून स्लीव्ह काढा.